फाइल समोर आहे, तरी ‘सापडत नाही’ का म्हणतं? ॲड-इन लोड न होण्याची एक लातूरची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळलेलं काढलंय.)

लातूरहून बोलतोय. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजतायत, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. शब्द वेगवेगळे, दुखणं एकच. ‘सर, एक्सेलमधलं आमचं बटण गायब झालं.’ ‘ॲड-इन लोड होत नाही म्हणतंय.’ ‘फाइल नॉट फाउंड म्हणतंय, पण फाइल तर तिथंच आहे!’ विचारणारे बहुतेक तुमच्याच वयाचे. कुणी सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला, कुणी दालमिलमध्ये, कुणी अडत दुकानात ऑपरेटर. नोकरीचा पहिला-दुसरा महिना, आणि स्क्रीनवर इंग्रजी चौकट.

म्हणून आज याच्यावर बोलू. पण आधी एक गोष्ट सांगतो. त्यात चूक माझी आहे आणि ती मी फार लोकांना सांगितलेली नाही.

पाडव्याचा दिवस

सहा-सात वर्षं झाली असतील. मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो, आताही करतो. मार्केट यार्डात पाच-सहा अडत दुकानं माझ्याकडं होती. लातूरचं मार्केट यार्ड तुम्हाला ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या काळात सोयाबीनची आवक सुरू झाली की तिथं पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीत चार-पाच दिवस सौदे बंद, आणि मग मुहूर्ताचे सौदे निघाले की एकदम झुंबड.

एका दुकानात शेठजींनी सुट्टीत मला बोलावलं. ‘कॉम्प्युटर लई स्लो झालाय, सीझनच्या आत साफ करून द्या.’ मी गेलो. दुकान बंद, समोर फक्त वॉचमन. निवांत काम केलं. टेम्पररी फाइली उडवल्या, नको ते प्रोग्रॅम काढले, पंख्यावरची धूळ झटकली. कॉम्प्युटर पळायला लागला. मी खूश, शेठ खूश.

पाडव्याला सकाळी साडेअकराच्या सुमारास फोन आला. ‘लवकर या. पट्टी निघंना.’

पट्टी म्हणजे काय, ते यार्डाबाहेरच्यांसाठी सांगतो. शेतकऱ्याचा माल विकला गेला की वजन किती, भाव किती, हमाली-तोलाई किती वजा आणि हातात किती, याचा जो कागद मिळतो ती पट्टी. त्यावर रक्कम आकड्यातही असते आणि अक्षरीही. या दुकानात पट्टी एक्सेलमधून निघायची, आणि त्यासाठी कुणा एकाकडून बनवून घेतलेलं छोटं ॲड-इन होतं. आकडा टाकला की ‘अक्षरी रुपये’ आपोआप यायचे आणि वर रिबनवर ‘पट्टी छापा’ असं बटण असायचं.

मी पोचलो तर बटण नाही. आणि जिथं ‘अक्षरी रुपये’ यायचे तिथं प्रत्येक पट्टीवर हॅश नेम, पुढं प्रश्नचिन्ह. ते कसं दिसतं ते तुम्ही पाहिलं असेलच.

काउंटरसमोर पंधरा-वीस शेतकरी. रेणापूरकडचे एक काका होते, त्यांची गाडी दीडची. मुनीमकाकांनी शेवटी जुनं छापील पट्टीबुक काढलं, चष्मा लावला आणि हातानं लिहायला बसले. एक पट्टी, पाच मिनिटं. शेठच्या कपाळावर घाम.

आणि कॉम्प्युटरपाशी ऑपरेटर पोरगं उभं. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. खोली करून राहायचा, या पगारातून मेसचे पैसे भागवायचा. त्याचा मोबाइल सीपीयूला केबलनं लावलेला, चार्जिंगला.

शेठ म्हणाले, ‘ह्यानंच काहीतरी केलंय. दिवसभर मोबाइल लावून बसतंय.’

पोरगं म्हणालं, ‘नाही शेठ, सकाळी चालू केल्यापासून असंच दाखवूलालंय.’

मग शेठनी माझ्याकडं बघितलं. ‘मोबाइलनं होतंय का असं?’

आता इथं मी काय म्हणायला पाहिजे होतं? ‘थांबा, बघतो.’ एवढंच. पण समोर गर्दी, सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं, आणि मला काहीच कळलेलं नव्हतं. मी म्हणालो, ‘होतं कधी कधी. मोबाइलमधून व्हायरस येतो.’

दहा मिनिटांनी शेठनी पोराला सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नको.’

ॲड-इन आणि लायब्ररी म्हणजे नेमकं काय

गोष्ट इथं थांबवतो. पुढचं कळायला दोन शब्द कळले पाहिजेत.

ॲड-इन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला लावलेली जादा सोय. एक्सेलला ‘अक्षरी रुपये’ येत नाहीत, ॲड-इन ते शिकवतं. टॅलीत लोक टीडीएल लावतात, तोही त्यातलाच प्रकार.

लायब्ररी म्हणजे तयार कामांचा गठ्ठा. विंडोजमध्ये तिच्या फाइलचं आडनाव बहुतेक वेळा डीएलएल. प्रत्येक प्रोग्रॅमनं बेरीज कशी करायची, अक्षरं कशी जोडायची, फाइल कशी उघडायची हे पहिल्यापासून लिहायचं नसतं. ते लायब्ररीत लिहिलेलं असतं आणि दहा प्रोग्रॅम मिळून एकच लायब्ररी वापरतात.

लक्षात ठेवायची गोष्ट पुढं आहे. ॲड-इन स्वतःही एक लायब्ररीच असते, आणि ती एकटी येत नाही. तिला दुसरी लायब्ररी लागते. त्या दुसरीला तिसरी. साखळीच असते ही.

लग्नाचा आचारी डोळ्यासमोर आणा. आचारी वेळेवर आला, दारात उभा आहे. पण त्याची मोठी कढई ज्या टेम्पोत होती तो टेम्पो आलाच नाही. आता आचारी हात हलवत परत चाललाय. नवरीचे वडील आतून ओरडतात, ‘आचाऱ्याचं जमलं नाही!’ ऐकणाऱ्याला वाटतं आचारीच आला नाही. पण आला नव्हता तो टेम्पो.

विंडोज असंच बोलतं. साखळीत पलीकडची कुठली तरी फाइल नसते, आणि संदेशात नाव येतं अलीकडच्या फाइलचं. ती तर तुमच्या डोळ्यासमोर फोल्डरमध्ये बसलेली असते. म्हणून आपण चक्रावतो.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर असं कधी होत नाही. बरोबर. मोबाइलचं ॲप आपला बराचसा शिधा स्वतःच्या डब्यात घेऊन येतं आणि दुसऱ्या ॲपच्या डब्यात हात घालत नाही. ऑफिसातला विंडोज कॉम्प्युटर म्हणजे जुन्या वाड्यातलं सामाईक स्वयंपाकघर. भांडी सगळ्यांची. एकानं ‘ही कुणाची आहेत, कशाला ठेवायची’ म्हणून आवरली की दुसऱ्याचा स्वयंपाक अडतो.

त्या रात्री मी काय काय केलं

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर कॉम्प्युटर माझ्या दुकानात आणला. आणि चुकीची सगळी कामं ओळीनं केली. तुम्ही करू नका म्हणून सांगतो.

पहिलं, ऑफिस रिपेअर मारला. पाऊण तास गेला. फरक शून्य.

दुसरं, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन. दोन तास. काही नाही. इथंच मला खरं तर खटकायला पाहिजे होतं, कारण व्हायरस म्हणून मीच सांगून आलो होतो.

तिसरं, एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली मॅनेजमध्ये कॉम ॲड-इन्स निवडून गो. आमचं ॲड-इन यादीत होतं. टिकमार्क केली, ओके दाबलं, परत उघडलं, टिकमार्क गेलेली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, नॉट लोडेड, लोड करताना रनटाइम एरर आली. मी दहा वेळा टिक केली असेल. टिक करून काही होत नसतं. त्या ओळीचा अर्थ असा की एक्सेलनं प्रयत्न केला आणि जमलं नाही. एक्सेलला परवानगीची अडचण नव्हती.

चौथं, ॲड-इनची डीएलएल परत रजिस्टर करायला गेलो. रेगएसव्हीआर-३२ ही कमांड वापरतात त्याला. चौकट आली. वरच्या ओळीत लिहिलेलं, मॉड्यूल लोड झालं नाही. शेवटी लिहिलेलं, स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड. ही डीएलएल तर माझ्यासमोर होती! मी चिडून चौकट बंद केली, फाइल सिस्टिम-३२ मध्ये कॉपी केली, परत तेच. परत बंद केली.

आणि पाचवं, रात्री साडेबाराला इंटरनेटवर ‘फुकट डीएलएल डाउनलोड’वाली एक साइट उघडली. बोट डाउनलोडवर होतं. तेवढ्यात लाइट गेली.

लातूरची लाइट, मंडळी. एरवी शिव्या देतो, त्या रात्री तिनं वाचवलं. कारण असल्या साइटवरची फाइल कुणी ठेवली, तिच्यात काय घातलंय, ती कुठल्या आवृत्तीची आहे, काहीच माहीत नसतं. ज्या कॉम्प्युटरवर शेठचं बँकेचं खातं उघडतं, जीएसटी भरला जातो, त्याच्यात मी अनोळखी माणूस आणून बसवणार होतो. व्हायरसचा आळ पोरावर घालून आलेलो, आणि व्हायरस मीच आणत होतो.

चौकटीतली मधली ओळ

लाइट येईपर्यंत अंधारात बसलो होतो. मोबाइलमध्ये दुपारी काढलेला त्या चौकटीचा फोटो होता. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून तो मोठा करून वाचला. पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

पहिली ओळ, अमुक मॉड्यूल लोड झालं नाही. शेवटची ओळ, मॉड्यूल सापडलं नाही. आणि दोन्हींच्या मधे एक लांब वाक्य, जे मी इतक्या वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. त्याचा अर्थ असा: फाइल दिलेल्या ठिकाणी आहे का बघा, किंवा या फाइलमध्ये, किंवा ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या डीएलएल फाइलींमध्ये काही अडचण आहे का, ते तपासा.

अवलंबून असलेल्या फाइली. डिपेंडंट. म्हणजे चौकट मला सांगत होती, आचारी आलाय, टेम्पो बघ. मी आचाऱ्यालाच परत परत दारात उभं करत होतो.

लाइट आल्यावर प्रोसेस मॉनिटर लावलं. सिसइंटर्नल्स नावाच्या संचातलं हे फुकट साधन. मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळं ते आता अधिकृत साइटवरून मिळतं. कॉम्प्युटरवर कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल मागतोय, हे ते ओळीनं दाखवतं. फिल्टरमध्ये फक्त एक्सेल ठेवलं, निकाल ‘नेम नॉट फाउंड’ एवढाच ठेवला, आणि एक्सेल चालू केलं.

एक सावध करतो. ‘नेम नॉट फाउंड’ची यादी भली मोठी येते आणि त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये बघतो, नाही म्हणून पुढच्यात बघतो, तिथं मिळतं. ते चालायचंच. आपण शोधायचं ते असं नाव, जे एका फोल्डरमध्ये नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही, आणि शेवटपर्यंत कुठंच मिळालं नाही.

तसं एक नाव दिसलं. एमएसव्हीसीपी-१०० डीएलएल. आमच्या ॲड-इनच्या लगेच खाली, फोल्डरमागून फोल्डर, सगळीकडं नाही, नाही, नाही.

मी सिस्टिम-३२ उघडलं. फाइल तिथं होती! डोळे चोळले. एक्सेल म्हणतंय नाही, मला दिसतीय आहे.

६४ च्या घरात ३२ राहतो

इथं विंडोजची एक गंमत आहे, जी भल्याभल्यांना फसवते.

आजचं विंडोज ६४ बिटचं. पण त्यावर ३२ बिटचे जुने प्रोग्रॅमही चालतात. दोघांच्या लायब्ररी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटची लायब्ररी वापरू शकत नाही आणि उलटही नाही. आता नावं ऐका. सिस्टिम-३२ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात ६४ बिटच्या फाइली. आणि सिस-वॉव-६४ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात ३२ बिटच्या. बरोबर उलटं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून सिस्टिम-३२ हे नाव तसंच ठेवलं, आणि वॉव-६४ म्हणजे ‘६४ बिट विंडोजवर ३२ बिट विंडोज’ असं त्यांचं म्हणणं.

दुकानातलं ऑफिस ३२ बिटचं होतं, ॲड-इनही ३२ बिटचं. ३२ बिटचा प्रोग्रॅम सिस्टिम-३२ मध्ये बघायला गेला की विंडोज त्याला गुपचूप सिस-वॉव-६४ मध्ये पाठवतं. मी बघत होतो एका खोलीत, एक्सेल बघत होतं शेजारच्या. दोघंही खरं बोलत होतो.

मग शेजारच्या खोलीतली फाइल गेली कुठं?

तेव्हा पोटात खड्डा पडला. दिवाळीच्या सुट्टीत मी साफसफाई केली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी उघडा, तुम्हालाही दिसेल. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल, आणि पुढं २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३. प्रत्येक दोनदा, एक एक्स-८६, एक एक्स-६४. मला वाटलं, हा काय पसारा. विंडोज ६४ चं आहे, तर एक्स-६४ ठेवू आणि एक्स-८६ जुनाट म्हणून काढू. निवडून निवडून काढले.

एक्स-८६ म्हणजे ३२ बिट. त्यातल्या २०१० च्या पॅकेजमध्ये ती एमएसव्हीसीपी-१०० होती. सामाईक स्वयंपाकघरातली भांडी मीच भंगारात घातली होती.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१० चं एक्स-८६ पॅकेज घेतलं, टाकलं, बाकीचेही परत टाकले. एक्सेल उघडलं. रिबनवर ‘पट्टी छापा’. सेलमध्ये अक्षरी रुपये. सगळं मिळून चार मिनिटं. रात्रीचे अडीच.

सकाळ

खरं सांगतो, त्या रात्री एक विचार आला. कॉम्प्युटर नेऊन द्यायचा, ‘व्हायरस काढला’ म्हणायचं, बिल घ्यायचं. कुणाला कळणार होतं? शेठला डीएलएल काय माहीत. मुनीमकाकांना काय माहीत.

पण त्या पोराच्या मेसचे पैसे माझ्या एका वाक्यावर गेले होते.

सकाळी नऊला दुकानात गेलो. कॉम्प्युटर जोडला, पट्टी काढून दाखवली. आणि म्हणालो, ‘शेठ, पोरानं काही केलं नव्हतं. सुट्टीत मी जे प्रोग्रॅम काढले त्यातलाच एक पट्टीला लागत होता. चूक माझी हाय.’

शेठ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मुनीमकाका पट्टीबुकावरून मान वर करून चष्म्यातून माझ्याकडं बघत होते. काल त्यांनी दिवसभरात किती पट्ट्या हातानं लिहिल्या होत्या देव जाणे. शेठ म्हणाले, ‘काल का नाही सांगितलं?’

‘काल मला माहीत नव्हतं.’

‘माहीत नव्हतं तर व्हायरस कसं काय म्हणलात?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

शेठनी पोराला फोन लावला. तो अकराला आला. मी तिथंच थांबलो होतो. त्याला सगळं सांगितलं, स्क्रीनवर दाखवलं. तो म्हणाला, ‘दादा, काल मी तुमाला तेच सांगायला आलतो. त्या चौकटीत मधी डिपेंडंट असं काहीतरी लिहिलेलं होतं. तुमी बंद केली.’

त्यानं वाचलं होतं. ज्याला काही येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, त्यानं एकट्यानं ती चौकट पूर्ण वाचली होती.

त्या दिवसाचं बिल मी घेतलं नाही. पोरगं कामावर परत आलं. माझ्याशी मात्र बरेच दिवस तुटकच बोलायचं, आणि ते बरोबरच होतं.

आता तुमच्यासाठी: काय, कुठल्या क्रमानं बघायचं

तुम्हाला अशी वेळ आली तर घाबरू नका आणि दहा गोष्टी एकदम करू नका. या क्रमानं जा.

एक, चौकटीचा फोटो काढा. ओके दाबायच्या आधी. मोबाइल हातात असतोच. मग सगळ्या ओळी वाचा, मधल्यासुद्धा. आकडा असेल तर तो लिहून घ्या. विंडोजचे दोन आकडे पाठ ठेवा. १२६ म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही: फाइल तिथं नसेल, नाहीतर तिला लागणारी दुसरी फाइल नसेल. १९३ म्हणजे वैध विन-३२ ॲप्लिकेशन नाही: बहुतेक वेळा ३२ आणि ६४ ची गाठ पडलीय. ‘इनकरेक्ट फॉरमॅट’ असं लिहून आलं तरी संशय तोच घ्यायचा.

दोन, शेवटचं कधी चालत होतं आणि मधे काय बदललं? नवीन कॉम्प्युटर, ऑफिस अपडेट, फोल्डर हलवला, कुणी साफसफाई केली. हा प्रश्न सगळ्यांना विचारा. दुरुस्तीवाल्याला आधी.

तीन, एक्सेलनंच बंद करून ठेवलंय का? त्याच मॅनेजच्या यादीत ‘डिसेबल्ड आयटम्स’ आहे. एखाद्या ॲड-इनमुळं एक्सेल मधेच बंद पडलं असेल तर एक्सेल त्याला तिथं टाकून ठेवतं. तिथून परत चालू करता येतं. आणि एक्सेल उघडतच नसेल तर कंट्रोल की दाबून धरून उघडा, सेफ मोड विचारेल. सेफ मोडमध्ये नीट चाललं तर भानगड ॲड-इनमध्ये आहे असं समजा.

चार, फाइल बाहेरून आलीय का? ईमेलनं किंवा ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलवर विंडोज खूण करून ठेवतं, ही इंटरनेटवरून आलीय. २०२२ पासून अशा फाइलींमधले मॅक्रो ऑफिस आपण होऊन अडवतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’. पण फाइल कुणाची आहे हे माहीत असेल तरच. नसेल तर ते कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे.

पाच, ३२ की ६४? एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल. वरच्याच ओळीत लिहिलेलं असतं. विंडोज कितीचं आहे याच्यावर जाऊ नका, ऑफिस कितीचं आहे ते बघा. २०१९ च्या सुमारापासून ऑफिस मुद्दाम निवडलं नाही तर ६४ बिटचंच बसतं. म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं चाललेलं ॲड-इन नव्यावर चालत नाही. अशा वेळी ॲड-इन बनवणाऱ्याकडं ६४ ची आवृत्ती मागा, नसेल तर ३२ बिटचं ऑफिस बसवा. मोबाइललाही हे चुकलं नाही बरं का. ॲपलनं २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं आणि ३२ बिटची ॲप बंदच केली.

सहा, लागणारी पॅकेजेस आहेत का? व्हिज्युअल सी प्लस प्लसची पॅकेजेस, डॉटनेट. ॲड-इन ज्या बिटचं, पॅकेज त्या बिटचं. यादीत एकाच नावाचे दहा दिसले तरी ते दहा वेगळे आहेत. काढू नका. माझ्याकडं बघून काढू नका.

सात, ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ आलं तर ऑल्ट आणि एफ-११ दाबा, टूल्स, रेफरन्सेस. एखाद्या नावाआधी ‘मिसिंग’ असं दिसेल. साखळीतली तुटलेली कडी तीच. इथं एक्सेल नाव घेऊन सांगतं, हे त्याचे उपकार.

टॅलीवाल्यांसाठी एक वाक्य. टीडीएल लोड होत नसेल तर आधी फाइलचा पत्ता बघा. टॅलीत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. कुणी डेस्कटॉपवरचा फोल्डर आवरला, फाइल दुसरीकडं गेली, की संपलं. म्हणून असल्या फाइली डेस्कटॉपवर ठेवायच्याच नाहीत.

आणि एवढं करूनही नाही जमलं तर प्रोसेस मॉनिटर. त्याच्याआधी नको, आणि डीएलएलवाल्या साइट तर कधीच नको. फाइल पाहिजे तर जिनं ती बनवली त्या कंपनीच्या पॅकेजमधूनच घ्यायची.

जाता जाता

त्या दिवाळीनंतर मी दोनशे पानी वही केली. कुणाच्याही कॉम्प्युटरवर काम केलं की तारीख, काय टाकलं, काय काढलं, एवढं लिहितो. ती वही अजून चालू आहे. आता चौथी झाली. तुम्हीही करा. मोबाइलच्या नोट्समध्ये केली तरी चालेल. ‘मधे काय बदललं?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खिशात असेल.

दुसरं, तुमच्यापैकी बरेच जण त्या पोराच्या जागी आहेत. नवीन, पगार कमी, मोबाइल हातात, आणि काही बिघडलं की नजरा तुमच्याकडं. तुम्ही चौकट वाचली असेल तर फोटो दाखवा. एकदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा दाखवा. आणि उद्या तुम्ही माझ्या जागी असाल, कुणीतरी विचारेल, ‘कशानं झालं हो?’ तेव्हा माहीत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा. माझ्या तोंडून हे दोन शब्द त्या दिवशी निघाले असते तर त्या पोराची ती रात्र वाईट गेली नसती.

तुमच्याकडं अशी कुठली चौकट अडली असेल तर फोटो पाठवा. पूर्ण चौकट दिसेल असा. खातं नंबर, पार्ट्यांची नावं झाकून. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन घेऊन बसू.

चला, भेटू. काळजी घ्या, बॅकअप घ्या.